पाया आणि कळस : ‘गॅलॅक्सियन’ आणि ‘गॅलागा’

१/ १९७९ साली जपानमधील नामको या कंपनीने ‘गॅलॅक्सियन’ नावाचा आर्केड गेम बाजारात आणला. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच कंपनीने त्याचा पुढचा भाग ‘गॅलागा’ आणला. आज धाकट्याचे नाव जगभर ठाऊक आहे. थोरल्याची ओळख मात्र बहुधा ‘गॅलागाच्या आधीचा तो’ एवढीच उरली आहे. ही विभागणी कितपत न्याय्य आहे, हे या धाग्यात पाहू. #धागा #इतिहास #व्हिडिओगेम

२/ दोन्ही खेळ ‘एकपडदी’ आहेत. म्हणजे दृश्य पुढे सरकत नाही, नवे प्रदेश उलगडत नाहीत. जे काही घडते ते एकाच चौकटीत. खाली खेळाडूचे यान, वर शत्रूंचा व्यूह, मागे सरकणाऱ्या चांदण्या. यान फक्त डावीउजवीकडे हलते आणि एक बटण दाबून गोळी सुटते. नियंत्रणे दोन्ही खेळांत तीच. मग दोघांच्या वाट्याला आलेल्या कीर्तीत एवढे अंतर का पडले?

३/ उत्तरासाठी एक वर्ष मागे जावे लागते. १९७८ मध्ये तैतो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला. अकरा-अकराच्या पाच रांगा, एकूण ५५ परग्रहवासी, आडवे सरकत आणि पायरी-पायरीने खाली उतरत येणारे. जपानमध्ये या खेळाने अक्षरशः वेड लावले. प्रत्येक स्पर्धक कंपनीपुढे एकच प्रश्न उभा राहिला : याला उत्तर काय द्यायचे?

४/ ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा पडदा मुळात कृष्णधवल होता. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून रंगाचा आभास निर्माण केला जाई. त्यातील प्रोसेसर सगळी चित्रे स्वतःच पडद्यावर उमटवत असे आणि एका वेळी एकच परग्रहवासी सरकवू शके. म्हणूनच शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने धावू लागत. यंत्राची ही मर्यादाच त्या खेळाचा थरार ठरली, हा इतिहासातील एक सुखद योगायोग.

५/ पण त्याच मर्यादेमुळे ते परग्रहवासी रांग सोडू शकत नव्हते. ते सैन्य होते. त्यात सैनिक असा कोणी नव्हता. सगळे एका तालात चालणार, एका तालात वळणार. खेळाडूही तात्पुरत्या बंकरांच्या आडोशाला उभा राहून त्यांची वाट पाहणार. ही लढाई वेढ्याची होती, द्वंद्वाची नव्हे.

६/ नामको ही मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली कंपनी. लहान मुलांसाठी यांत्रिक घोडे बसवण्यापासून तिचा व्यवसाय सुरू झाला. स्वतःचा पहिला व्हिडिओ गेम तिने १९७८ मध्ये काढला. म्हणजे ‘गॅलॅक्सियन’च्या वेळी या क्षेत्रात ती नवखीच होती. तैतोच्या विजयी खेळाला उत्तर देण्याचे काम कझुनोरी सावानो यांच्याकडे आले.

७/ सावानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे उत्तर दोन पातळ्यांवर होते. पहिली पातळी यंत्राची. ‘गॅलॅक्सियन’च्या यंत्रात चित्र उमटवण्याचा भार प्रोसेसरवरून काढून स्वतंत्र विद्युतमंडलावर टाकला होता. पडदा छोट्या चौकोनी तुकड्यांचा बनलेला असे, आणि त्यावर मुक्तपणे फिरू शकणारी स्वतंत्र रंगीत चित्रे असत. या फिरत्या चित्रांनाच ‘स्प्राइट’ म्हणतात.

८/ युक्ती पाहण्यासारखी आहे. व्यूहात उभे असलेले शत्रू हे प्रत्यक्षात पार्श्वभूमीचे तुकडे. तो सबंध पट डावीउजवीकडे सरकवला की सैन्य झुलते. शत्रूने रांग सोडली की त्याचा तुकडा पटावरून पुसला जातो आणि त्याच जागी एक स्प्राइट उगवतो. असे स्प्राइट यंत्रात फक्त आठ होते. खेळाडूला मात्र एक जिवंत कीटक पंख फडकावत आपल्यावर झेप घेताना दिसतो.

९/ रंगीत पडद्याचे आर्केड खेळ त्याआधीही झाले होते, हे खरे. पण खऱ्या रंगांत रंगलेले, स्वतंत्रपणे हलणारे एवढे शत्रू आणि त्यांच्यामागे सरकणारे लुकलुकते तारांगण असा एकत्रित अनुभव व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिरणाऱ्या सामान्य माणसाला ‘गॅलॅक्सियन’ने घडवला. शेजारी ठेवलेली रंगीत पट्ट्यांची यंत्रे एका दिवसात जुनी दिसू लागली असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

१०/ दुसरी पातळी खेळाची. ‘गॅलॅक्सियन’मध्ये बंकर नाहीत. आडोसा काढून घेतला आणि शत्रूला झेप दिली, या दोन निर्णयांनी लढाईचे स्वरूपच पालटले. ४६ शत्रूंचा व्यूह : खाली निळ्यांच्या दहा-दहाच्या तीन रांगा, त्यावर आठ जांभळे, त्यावर सहा लाल आणि सर्वांत वर दोन सरदार. सरदार निघाला की शक्यतो दोन लाल अंगरक्षक घेऊन झेपावतो.

११/ येथे गुणांच्या तक्त्यात एक लहानशी कथा दडली आहे. एकटा झेपावणारा सरदार पाडला तर १५० गुण. एका अंगरक्षकासह असताना पाडला तर २००, दोघांसह असताना ३००. पण आधी दोन्ही अंगरक्षक टिपले आणि मग त्याच झेपेत सरदारालाही गाठले, तर ८००. म्हणजे घाई करणाऱ्याला थोडे, क्रम पाळणाऱ्याला पुष्कळ.

१२/ हे ८०० गुण मिळवणे कठीण, कारण ‘गॅलॅक्सियन’मध्ये एका वेळी पडद्यावर एकच गोळी असू शकते. नेम चुकला की ती गोळी वरच्या कडेपलीकडे जाईपर्यंत खेळाडू निःशस्त्र. तेवढ्या क्षणात तिघे वळणे घेत खाली उतरत असतात. प्रत्येक चुकीची किंमत तत्काळ वसूल होते. आजच्या खेळाडूला हा खेळ ‘संथ’ वाटतो. खरे पाहता तो संथ नाही, कठोर आहे.

१३/ ‘गॅलॅक्सियन’ची यंत्ररचना पुढे एक प्रकारची सार्वजनिक शाळाच ठरली. निचिबुत्सूचा ‘मून क्रेस्टा’ (१९८०), कोनामीचा ‘स्क्रॅम्बल’ (१९८१) हे खेळ त्याच धर्तीच्या किंवा त्यावरून बेतलेल्या यंत्रांवर चालत. अमेरिकेत ‘गॅलॅक्सियन’ वितरित करणाऱ्या मिडवे कंपनीसाठी तो नामकोशी असलेल्या संबंधांचा पाया ठरला. पुढे ‘पॅक-मॅन’ याच मार्गाने अमेरिकेत पोचला.

१४/ आता १९८१. ‘गॅलागा’ची आखणी शिगेरू योकोयामा यांची. दोन वर्षांत यंत्रे पुढे गेली होती. ‘गॅलॅक्सियन’ आणि ‘पॅक-मॅन’ यांच्यात झेड-८० हा प्रोसेसर एकच होता, ‘गॅलागा’त तीन. व्यूहातला प्रत्येक शत्रूही आता पटावरचा तुकडा राहिला नाही, तो स्वतंत्र स्प्राइट झाला. त्यामुळे सबंध व्यूह छातीसारखा फुगतो आणि आकसतो. जणू सैन्य श्वास घेते आहे.

१५/ पहिला फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. ‘गॅलॅक्सियन’मध्ये फेरी सुरू होते तेव्हा शत्रू आधीच रांगेत उभे असतात. ‘गॅलागा’त पडदा रिकामा असतो. मग आठ-आठच्या पाच तुकड्या गोलगोल गिरक्या घेत येतात आणि आपापल्या जागी स्थिरावतात : चार म्होरके, सोळा लाल, वीस निळे-पिवळे. एकूण ४०. व्यूह रचला जात असतानाच तो मोडण्याची संधी खेळाडूला मिळते.

१६/ दुसरा फरक बोटांना जाणवतो. एका गोळीऐवजी पडद्यावर एका वेळी दोन गोळ्या. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात पहिली गोळी वाटेत असताना दुसरी हाताशी असल्याने चुकीला क्षमा मिळते, खेळाला लय येते, ताल धरता येतो. थोरल्या भावाची कठोरता धाकट्याने एका गोळीने सैल केली.

१७/ तिसरा फरक मात्र क्षुल्लक नाही आणि ‘गॅलागा’चे अमरत्व त्यातच आहे. म्होरक्या कधीकधी खाली उतरून अर्ध्यावर थांबतो आणि निळसर किरणांचा पंखा पसरतो. त्यात सापडलेले यान गरगरत वर खेचले जाते, त्याचा रंग तांबडा होतो आणि ते व्यूहात कैदी म्हणून बसते. खेळाडूचे एक यान गेले. पण ते नष्ट झालेले नाही.

१८/ आता राखीव यान घेऊन खेळाडू परततो. तो म्होरक्या कैद्याला सोबत घेऊन झेपावेल तेव्हा त्याला पाडले, तर कैदी सुटतो, गिरक्या घेत खाली येतो आणि खेळाडूच्या यानाला जोडला जातो. दोन याने खांद्याला खांदा लावून, दुप्पट गोळ्यांसह लढू लागतात. पण व्यूहात उभ्या असलेल्या म्होरक्याला मारले, तर कैदी सुटत नाही; तेच यान शत्रूच्या बाजूने झेपावते. आणि नेम जरा चुकला, तर खेळाडू स्वतःचेच यान उडवतो.

१९/ याचा अर्थ असा की जाणता खेळाडू आपले यान मुद्दाम पकडू देतो. तोवरच्या नेमबाजीच्या खेळांत प्राण गमावणे हे केवळ अपयश होते. येथे ती गुंतवणूक झाली. अट एवढीच की राखीव यान शिल्लक हवे. शेवटचे यान पकडले गेले तर खेळ तेथेच संपतो. हातातले सोडायचे की नाही, हा प्रश्न खेळाडूला प्रत्येक डावात नव्याने सोडवावा लागतो.

२०/ जिंकलेल्या जोडीलाही शाप आहेच. दुप्पट गोळ्या, पण दुप्पट रुंदी. पूर्वी ज्या फटीतून यान निसटत असे तिच्यात जोडी मावत नाही. शत्रूच्या गोळीला सोपे लक्ष्य मिळते. दिलासा एवढाच की एकाला गोळी लागली तर दुसरे उरते. म्हणजे बक्षीस घ्यावे की नाही, हाही विचार करण्याचाच विषय. याने जोडण्याची कल्पना ‘मून क्रेस्टा’तही होती, पण तेथे ती ठरलेल्या टप्प्यावर येते. ‘गॅलागा’त ती खेळाडूच्या धाडसावर सोडलेली आहे.

२१/ चौथा फरक मनाचा. तिसऱ्या फेरीला आणि त्यानंतर प्रत्येक चौथ्या फेरीला आव्हानाची फेरी येते. यात शत्रू गोळ्या झाडत नाहीत. चाळीस जण आकृत्या काढत उडत जातात आणि खेळाडूने जमतील तेवढे टिपायचे. सगळे चाळीस टिपले तर १०,००० गुणांचे बक्षीस. युद्धाच्या मध्येच ही जणू नेमबाजीची जत्रा. ताण उतरतो, आणि पुढच्या फेरीचे भय पुन्हा ताजे होते.

२२/ पाचवा फरक खेळ संपल्यावर दिसतो. ‘गॅलागा’ खेळाडूला हिशेब देतो : किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, अचूकता किती टक्के. गुणसंख्या इतरांशी स्पर्धा करायला लावते, टक्केवारी स्वतःशी. ‘गॅलॅक्सियन’ प्रत्येक चुकीची शिक्षा जागेवरच देत असे. ‘गॅलागा’ चुका मोजून ठेवतो आणि शेवटी शांतपणे समोर मांडतो. पुढचे नाणे टाकायला हे पुरेसे असते.

२३/ गुणांचे तक्तेही बोलके आहेत. ‘गॅलागा’त दोन साथीदारांसह झेपावणारा म्होरक्या १६०० गुण देतो, एका साथीदारासह ८००, एकटा ४००; व्यूहात उभा असताना केवळ १५०. त्याला पाडायला गोळ्याही दोन लागतात. धोका जेवढा जवळ, मोबदला तेवढा मोठा. हे सूत्र ‘गॅलॅक्सियन’चेच. ‘गॅलागा’ने ते अधिक ठळक अक्षरांत लिहिले.

२४/ ‘गॅलागा’ निर्दोष नव्हता. पहिल्या फेरीत ठरावीक शत्रू शिल्लक ठेवून सुमारे पंधरा मिनिटे त्यांच्या गोळ्या चुकवत राहिले की गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या भागातील दोष उघडा पडतो आणि शत्रू गोळ्या झाडणेच बंद करतात. ही चोरवाट खेळाडूंमध्ये तोंडोतोंडी पसरली. खेळाची कीर्ती तिने कमी झाली नाही. उलट त्याभोवती एक दंतकथा तयार झाली.

२५/ नंतरची वाटचाल सर्वज्ञात आहे. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात नायक आर्केडमध्ये ‘गॅलागा’ खेळताना दिसतो. २००१ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त ‘गॅलागा’ आणि ‘मिस पॅक-मॅन’ एकाच पेटीत पुन्हा आर्केडमध्ये आले. २०१२ च्या ‘द अव्हेंजर्स’मध्ये कामाच्या वेळी ‘गॅलागा’ खेळणाऱ्या कर्मचाऱ्यावर विनोद आहे, आणि प्रेक्षकांना तो समजावून सांगावा लागला नाही.

२६/ पण नामको स्वतः थोरल्याला विसरली नव्हती. १९९० साली ओसाका येथील आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनात एकाच वेळी २८ जणांनी खेळायचा भव्य खेळ तिने मांडला, त्याला नाव दिले ‘गॅलॅक्सियन³’. १९९४ मध्ये प्लेस्टेशनवर ‘रिज रेसर’ सुरू होईपर्यंतचा वेळ जावा म्हणून त्या प्रतीक्षेत खेळायला ठेवला तो ‘गॅलॅक्सियन’. पुढच्या वर्षी ‘टेकन’साठी हेच काम ‘गॅलागा’ला मिळाले.

२७/ महाराष्ट्राशी या दोघांचा संबंध आर्केडपेक्षा घरच्या टीव्हीमुळे अधिक आला. निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘गॅलॅक्सियन’ १९८४ मध्ये आणि ‘गॅलागा’ १९८५ मध्ये निघाला. नव्वदच्या दशकात त्या यंत्राच्या नकला ‘टीव्ही गेम’ या नावाने भारतीय घरांत शिरल्या. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ कोंबायचे, तर आकाराने लहान खेळ हवे. ‘गॅलॅक्सियन’ अगदीच चिमुकला. त्यामुळे अशा कॅसेटींच्या यादीत तो हमखास सापडे.

२८/ जपानमधला काटकसरीने रचलेला हा खेळ त्या काटकसरीमुळेच पुणे-नाशिक-कोल्हापूरच्या दिवाणखान्यांत पोचला, आणि खेळणाऱ्या अनेकांना त्याचे वय किंवा कुळ ठाऊक नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडे ज्याला ‘विमानांचा गेम’ म्हणत, त्याचा संपूर्ण वंशवृक्ष त्या एका पडद्यावर होता. ती विमाने नव्हती, परग्रहवासी होते, एवढीच काय ती दुरुस्ती.

२९/ मग श्रेय कोणाचे? ‘गॅलॅक्सियन’ने शत्रूला रांगेबाहेर पाऊल टाकायला शिकवले. त्याविना ‘गॅलागा’तील गिरक्या, झेपा, अंगरक्षक यांपैकी काहीच संभवत नाही. ‘गॅलागा’ने खेळाडूला निवड करायला शिकवले : काय गमवायचे, केव्हा आणि कशासाठी. पहिल्याने शत्रूला स्वातंत्र्य दिले, दुसऱ्याने खेळाडूला.

३०/ लोक दुसऱ्याकडे पुन्हा पुन्हा वळतात, कारण शत्रूचे चातुर्य एकदा पाहून ओळखीचे होते, आपला निर्णय मात्र दर डावात नवा असतो. कळसाकडे नजर आधी जाते आणि त्यात वावगे काही नाही. तरीही कधी संधी मिळाली तर ‘गॅलॅक्सियन’ची एक फेरी जरूर खेळावी. एकच गोळी, दोन अंगरक्षक, एक सरदार. ८०० गुण मिळाले की पाया किती पक्का होता ते कळते.

धागा समाप्त.